मनीगॉलचा फॅलमथ: ओहायोतल्या दगडापासून आयर्लंडमधल्या वहीपर्यंत

आयर्लंडमधलं आपलं मूळ शोधायचं म्हटलं की माणूस आधी डब्लिनचं तिकीट काढतो. तिथे पोचल्यावर कळतं की विचारायला गावाचं नावच आपल्याकडे नाही. "आमचे पूर्वज आयर्लंडहून आले" एवढ्यावर तिथला कोणताही दफ्तरखाना काही काढून देत नाही. साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत त्या देशात. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखा, सर्वांत लहान नाव असलेला जमिनीचा तुकडा. त्यातला आपला कोणता, हे आयर्लंडमध्ये सहसा सापडत नाही. ते सापडतं जिथे माणूस जाऊन मेला तिथे.

बराक ओबामांच्या आयरिश मुळाचा शोध हे याचं चांगलं उदाहरण आहे. राजकारण बाजूला ठेवून फक्त कागद आणि दगड यांचं काम म्हणून ते पाहण्यासारखं आहे. त्यात पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांची, वही आहे, दफनभूमी आहे, जहाजाची यादी आहे, मृत्युपत्र आहे. शिवाय नशिबाचा वाटाही चांगलाच मोठा आहे, पण तो बातम्यांमध्ये कुणी फारसा सांगितला नाही.

हाताशी काय होतं

ओबामांचे वडील केनियाचे, हे सगळ्यांना ठाऊक. आयरिश धागा आईकडचा. आई स्टॅन्ली अ‍ॅन डनहॅम, तिचे वडील स्टॅन्ली आर्मर डनहॅम, त्यांचे वडील राल्फ वाल्डो इमर्सन डनहॅम, आणि या राल्फची आई मेरी अ‍ॅन कार्नी. आपल्या नात्यांत सांगायचं तर मेरी अ‍ॅन ही ओबामांची खापरपणजी. तिचा जन्म 1869 चा, अमेरिकेतला. तिचा बाप फॅलमथ कार्नी, जन्म आयर्लंड.

अमेरिकेच्या जनगणनेत जन्मस्थानाच्या रकान्यात "आयर्लंड" एवढाच शब्द असतो. काउंटी, म्हणजे जिल्हा, नाही, गाव नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उतरलेल्या लाखो आयरिश माणसांची ओळख याच एका शब्दावर थांबते, आणि बहुतेक घराण्यांचा शोधही.

2007 साली ओबामा उमेदवारीच्या रिंगणात उतरले तेव्हा मेगन स्मोलेन्याक ही वंशावळ-संशोधक अ‍ॅन्सेस्ट्री या कंपनीसाठी काम करत होती. डनहॅम घराण्याची वंशावळ उलटी चालत ती फॅलमथपाशी आली. सगळ्या फांद्यांमध्ये सर्वांत उशिरा अमेरिकेत आलेला पूर्वज हाच, म्हणजे समुद्रापलीकडे त्याचा माग लागण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त.

पहिलं नशीब इथे. फॅलमथ हे नाव आयर्लंडमध्ये कुणी सहसा ठेवत नाही. ते इंग्लंडमधल्या एका बंदराचं नाव. जनगणनेत आणि इतर कागदांत ते फुलमथ, फुलमुथ असं वेडंवाकडं लिहिलं गेलं, आडनाव कुठे कार्नी तर कुठे केअर्नी वाटावं असं, पण वेडंवाकडं का होईना, ओळखू येत राहिलं. त्याच्या जागी पॅट्रिक किंवा जॉन असता तर? आयरिश घरांत मोठ्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, असा रिवाज. आजोबांचं नाव नातवाला देणाऱ्या आपल्या घरांतून आलेल्या वाचकाला याचा परिणाम वेगळा सांगायला नको: एकाच गावात एकाच वयाचे चार जॉन कार्नी, चौघेही एकमेकांचे चुलतभाऊ, आणि वहीत चौघांच्या नोंदी शेजारी शेजारी.

या दुर्मीळ नावामुळे जहाजाची यादी सापडली. 20 मार्च 1850 रोजी मार्मियन नावाचं जहाज लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला लागलं. त्यावर एकोणीस वर्षांचा फॅलमथ होता, सोबत बहीण आणि मेव्हणा. तिथून तो ओहायोला गेला. 1852 मध्ये शार्लट हॉलोवेशी लग्न झालं, पुढे कुटुंब इंडियानातल्या टिप्टन काउंटीत शेती करू लागलं. 1878 मध्ये तो वारला.

आता वाट, तारीख, जहाज सगळं हाती होतं. गाव मात्र अजूनही नव्हतं. जहाजाच्या यादीतही देशाचंच नाव.

दगड

इथे स्मोलेन्याकने जे केलं तेच या प्रकरणातलं खरं शिकण्यासारखं काम आहे. फॅलमथच्या मागे लागून फॅलमथ सापडत नव्हता, म्हणून तिने त्याच्या भोवतीची माणसं धरली. बाप, काका, भावंडं. ओहायोत या घराण्यातल्या एकाच्या थडग्यावर जन्मगावाचं नाव कोरलेलं मिळालं: मनीगॉल.

परक्या देशात मेलेल्या आयरिश माणसाच्या कबरीवर गाव कोरण्याची पद्धत अमेरिकेत बऱ्यापैकी होती. "अमुक काउंटीतला, अमुक पॅरिशचा रहिवासी" असं लिहिलेले दगड बोस्टन-न्यूयॉर्कपासून ओहायोपर्यंत दिसतात. गंमत अशी की त्याच माणसाच्या गावात त्याच्या आईबापाच्या कबरीवर बहुधा काहीच नसतं. पैसे असलेल्यांनीच कोरीव शिळा लावल्या. बाकीच्यांच्या डोक्याशी शेतातला एक ओबडधोबड धोंडा, त्यावर अक्षर नाही. घरातल्यांना ठाऊक असायचं कोणता धोंडा कोणाचा. ती माणसं बोटीत बसून गेली आणि धोंडे मुके झाले. शिळा असलीच तर तिच्यावर अनेकदा मेलेल्याच्या आधी दगड उभारणाऱ्याचं नाव येतं: "अमुकने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ उभारला." हा उभारणारा बऱ्याचदा परदेशात गेलेला मुलगा असतो, म्हणून ती ओळ नीट वाचावी.

आयर्लंडच्या जुन्या दफनभूमीबद्दल आणखी एक सांगतो, कारण अनेकांची इथे फसगत होते. मध्ययुगीन पडक्या चर्चच्या आवारातली दफनभूमी धर्मसुधारणेनंतर कागदोपत्री चर्च ऑफ आयर्लंडकडे, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चकडे गेली. पण कॅथलिक कुटुंबं आपल्या वाडवडिलांशेजारीच पुरत राहिली. त्यामुळे "आमचे कॅथलिक होते, मग या आवारात कशाला बघू" असं म्हणून परत फिरू नये. आणि दगड वाचताना तारेचा ब्रश, खडू, आम्ल यांतलं काहीही लावू नये. झिजलेली अक्षरं सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आपोआप उठून दिसतात. ढग असतील, आणि तिथे ते असतातच, तर आरसा किंवा विजेरी बाजूने धरावी. 1888 पासून मृतांच्या स्मारकांचं जतन करणारी एक आयरिश संस्था गावोगावचे कबरलेख उतरवून आपल्या नियतकालिकात छापत होती. आज झिजून गेलेला दगड तिथे शाबूत सापडू शकतो, म्हणून पायपीट करण्याआधी ते चाळावं.

एक गाव, तीन पॅरिश

मनीगॉल हे ऑफली काउंटीत, टिपररीच्या अगदी हद्दीवर, डब्लिन-लिमरिकच्या जुन्या रस्त्यावर वसलेलं तीनेकशे वस्तीचं गाव. आयरिशमध्ये मुइन गाल, म्हणजे परक्यांची झाडी. नकाशावर ते चटकन सापडतं. जुन्या कागदांत शोधायचं तर मात्र ऑफलीऐवजी किंग्ज काउंटी बघावं लागतं, कारण इंग्रज अमलात त्या काउंटीचं नाव तेच होतं.

गाव मिळालं, आता पॅरिश कोणता? मनीगॉल मुलकी कामासाठी कलनवेन पॅरिशमध्ये येतं. कॅथलिकांसाठी ते डनकेरिन पॅरिशमध्ये. आणि चर्च ऑफ आयर्लंडसाठी टेंपलहॅरीमध्ये. एकाच गावाला तीन पॅरिश, तीन नावं. मुलकी पॅरिश मध्ययुगातल्या हद्दी धरून बसला आहे, जमिनीच्या आणि कराच्या नोंदी त्याच्या नावाने लागतात. 1823 ते 1837 च्या, चर्चला द्यायच्या दशमांश कराच्या वह्या असोत किंवा 1847 ते 1864 मधलं ग्रिफिथचं जमिनी-घरांचं मूल्यांकन, तिथे कलनवेन बघायचं. बाप्तिस्मा-लग्नाच्या वहीसाठी आधी घराणं कोणत्या चर्चचं ते ठरवायचं. बरेच नवखे इथे एकाच नावाला चिकटून राहतात आणि "नोंद नाही" म्हणून परततात.

कार्नी चर्च ऑफ आयर्लंडचे होते. आणि हे ऐकून जाणकाराच्या पोटात गोळाच यायला हवा.

आग

त्याचं कारण 30 जून 1922. डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीत इंग्लंडशी झालेल्या कराराला विरोध करणारे बंडखोर एप्रिलपासून ठाण मांडून होते. 28 जूनला नव्या सरकारच्या सैन्याने तोफा डागल्या. दोन दिवसांनी शेजारच्या सार्वजनिक अभिलेखागारात प्रचंड स्फोट झाला आणि सात शतकांचे कागद जळाले. अर्धवट जळालेले कपटे शहरभर उडत गेले.

1821 ते 1851 च्या जनगणनेचा बहुतेक भाग त्यात गेला. 1861 आणि 1871 ची जनगणना सरकारनेच आधी नष्ट केली होती, 1881 आणि 1891 ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेली. दोष सगळा आगीवर टाकतात, पण अर्धं काम कारकुनांनी केलं होतं. पूर्ण मिळणारी सर्वांत जुनी जनगणना त्यामुळे 1901 ची. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणीही सर्वांसाठी 1864 पासूनच. फॅलमथ निघाला 1850 ला. म्हणजे त्याच्यासाठी चर्चची वही सोडून दुसरा आधारच नाही.

आणि त्या आगीत चर्च ऑफ आयर्लंडच्या वह्याच होत्या. 1871 पर्यंत ते राज्याचं अधिकृत चर्च. त्याचा तो दर्जा काढून घेतल्यावर त्याच्या जुन्या वह्या सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या आणि सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनला मागवल्या गेल्या. हजाराच्या आसपास पॅरिशांच्या वह्या अशा सुरक्षित जागी जळाल्या. ज्या पाद्र्यांनी आपल्याकडे ठेवायची व्यवस्था असल्याचं दाखवलं, त्यांच्या वह्या गावातच राहिल्या. कॅथलिक वह्यांना सरकारने कधी हात लावला नव्हता, त्या खेड्यांत पडून होत्या आणि म्हणून वाचल्या. सत्तेबाहेर राहण्याचा असाही फायदा.

टेंपलहॅरीची वही डब्लिनला गेली नव्हती. प्रकरणातलं दुसरं आणि मोठं नशीब ते हे.

स्मोलेन्याकने त्या भागाचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री, कॅनन स्टीफन नील यांच्याशी संपर्क साधला. ते जवळच्या क्लॉकजॉर्डनचे, टेंपलहॅरी त्यांच्याच अखत्यारीत. त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या नोंदी चाळल्या आणि कार्नी सापडले, फॅलमथचा बाप जोसेफसह. या वह्या चर्चमधल्या एका वृद्ध सभासदाच्या घरी जपलेल्या होत्या, असं त्यावेळच्या बातम्यांत आलं होतं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. दफ्तरखान्याहून घरातली पेटी भरवशाची, हे इथे तरी खरं ठरलं.

मे 2007 मध्ये बातमी फुटली आणि गावाला आपल्या नशिबाची कल्पना आली.

कागद काय बोलले, बातम्या काय बोलल्या

बातम्यांनी कथा लगेच बेतली: दुष्काळात पोळलेला गरीब आयरिश पोरगा, उपाशीपोटी बोटीत बसला, आणि त्याच्या लेकीच्या वंशात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. 1845 ते 1852 हा बटाट्याच्या रोगाचा काळ, लाखो मेले, लाखो निघून गेले, आणि फॅलमथ 1850 ला निघाला. कथेत चूक काढायला जागा नाही असं वाटतं.

पण कागद जरा वेगळं सांगतात. जोसेफ हा गावचा चांभार, जोडे शिवणारा कारागीर. कार्नी घराण्यातली माणसं आधीपासूनच अमेरिकेत होती. जोसेफचा भाऊ फ्रान्सिस ओहायोत वारला आणि त्याने 1848 च्या मृत्युपत्रात रॉस काउंटीतली जमीन जोसेफच्या नावे ठेवली. 1849 ला आधी बाप गेला. 1850 ला फॅलमथ, बहीण आणि मेव्हणा. मग आई आणि धाकटी भावंडं. म्हणजे ठरवून, टप्प्याटप्प्याने, तिकडे वाट बघणाऱ्या जमिनीकडे केलेलं स्थलांतर. दुष्काळाने गिऱ्हाइकं कंगाल झाली असणारच, खेड्यातल्या चांभाराला तो फटका बसल्याशिवाय राहत नाही. पण या कुटुंबाकडे जायला जागा होती, जी बाकीच्या हजारोंकडे नव्हती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद पॅरिशची वही नसून ते मृत्युपत्र आहे. वही सांगते कोण कुणाचा. का निघाले, ते मृत्युपत्र सांगतं. शिवाय ओहायोतला जोसेफ आणि मनीगॉलचा जोसेफ हे एकच, हे पडताळायला असा भावाभावांचा धागा लागतोच. नाव आणि गाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं या कामात धरत नाहीत.

पुढे डब्लिनच्या एनक्लॅन या संशोधन संस्थेने धागा आणखी मागे नेला, तो अठराव्या शतकातल्या डब्लिनमध्ये केसांचे टोप बनवणाऱ्या मायकेल कार्नीपर्यंत. तिथे पॅरिशच्या वहीपेक्षा शहरातल्या कारागीर-संघांच्या नोंदी कामी आल्या. न्हावी, शल्यचिकित्सक आणि टोप बनवणारे एकाच संघात असत. ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख आणि नंतर ऑसरीचे बिशप झालेले जॉन कार्नी हेही याच गोतावळ्यातले निघाले. टोपाची फॅशन गेली तशी या घराण्याची उतरंड लागली असं म्हणायचा मोह होतो; तो मी आवरतो.

हाच शोध कॅथलिक घराण्याचा असता तर

आयर्लंडमधली बहुसंख्य घराणी कॅथलिक, म्हणून एवढं सांगून ठेवतो. फॅलमथच्या जागी डनकेरिनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला कुणी असता, तर आज रेक्टरला पत्रही लिहावं लागलं नसतं. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकात गावोगावच्या कॅथलिक वह्यांच्या मायक्रोफिल्म घेतल्या आणि जुलै 2015 मध्ये साधारण 1880 पर्यंतच्या नोंदींची पानं इंटरनेटवर फुकट खुली केली.

पण पानं दिसतात म्हणजे वाचता येतात असं नाही. बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये: जेम्सचा जाकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. शाई उतरलेली, पान ओलीने डागाळलेलं, पाद्र्याचं अक्षर डॉक्टरालाही लाजवणारं. दफनाच्या नोंदी कॅथलिक वह्यांत क्वचितच. आणि खेड्यांतल्या अनेक वह्या 1820-30 च्या पुढेच सुरू होतात, त्यामागे धागा तुटतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाच्या आईचं माहेरचं आडनाव आणि दोन धर्मपालकांची नावं असतात. ती दोन नावं कधीही सोडू नयेत. धर्मपालक म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे, बहुधा मामा, मावशी, आत्या. ओहायोच्या दफनभूमीत स्मोलेन्याकने जे केलं, भोवतीची माणसं धरणं, तेच इथे कागदावर करायचं.

चर्च ऑफ आयर्लंडच्या वाचलेल्या वह्यांसाठी डब्लिनमधलं त्या चर्चचं ग्रंथालय यादी ठेवतं: कोणत्या पॅरिशची वही आहे, कुठे आहे, जळाली का. पत्रव्यवहार त्या यादीनंतर सुरू करावा. जळालेल्या अभिलेखागाराची प्रती-नकलांतून जुळवाजुळव करणारा प्रकल्पही आगीच्या शताब्दीला, जून 2022 मध्ये, सर्वांसाठी खुला झाला आहे.

गाव

23 मे 2011 ला ओबामा मनीगॉलला आले. मुख्य रस्त्यावरचं, कार्नींच्या जागेवरचं घर पाहिलं, पबमध्ये गिनेस बिअर घेतली. आठव्या पिढीतला चुलतभाऊ ठरलेल्या हेन्री हीलीला त्यांनी इंग्लंडच्या राजासारखं "हेन्री आठवा" करून टाकलं. संध्याकाळी डब्लिनच्या सभेत ते म्हणाले की आपण मनीगॉलच्या ओबामांपैकी, आणि वाटेत कुठेतरी हरवलेलं नावातलं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह शोधायला घरी आलो आहोत. ओ'ब्रायन, ओ'नील लिहिणाऱ्या देशात या विनोदाला हशा न मिळता तरच नवल.

याच्या उलट दिशेचा एक प्रवास आपल्याकडे झाला. डिसेंबर 2019 मध्ये आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर वडिलांच्या गावी, मालवण तालुक्यातल्या वराडला आले. तिथे कुणाला वही उघडावी लागली नाही. बाप स्वतः सोबत होता, आणि आडनावातच गाव होतं. मनीगॉलमध्ये दीडशे वर्षांनंतर कार्नींना आठवणारं कुणी उरलं नव्हतं. रेक्टरचा निरोप येईपर्यंत गावालाच आपलं नातं ठाऊक नव्हतं.

मोटरवे आता गावाला वळसा घालून जातो. 2014 मध्ये त्याच्या कडेला बराक ओबामा प्लाझा उघडला. खाली पेट्रोल, कॉफी, बर्गर; वरच्या मजल्यावर प्रदर्शन. डब्लिन-लिमरिक प्रवासात बऱ्याच गाड्या पेट्रोल आणि शौचालयासाठी तिथे थांबतात. टेंपलहॅरीचं चर्च मात्र मोटरवेवरून दिसत नाही.